खारकेची परडी आणि राखेचं पाऊल

एका राज्यात कुत्रं नव्हतं. हत्ती होते, घोडे होते, माणसासारखे बोलणारे पक्षी होते, वारा मुठीत धरणारे जादूगार होते. कुत्रं मात्र औषधालाही नव्हतं. कोणी पिल्लू आणलंच, तर दुसऱ्या पहाटे त्याच्या परडीपासून सात हातांवर राखेचं एक पाऊल उमटे. मोठ्या कुत्र्याचं पाऊल, नखांसकट. पुढच्या पहाटे ते सहा हातांवर येई, मग पाच. झाडून टाकलं तर पुन्हा उमटे, परडी हलवली तर पाऊलही हले. शेवटी ते परडीत उमटे, आणि तेव्हा पिल्लाचा श्वास थांबलेला असे. तीन पिढ्या हेच चाललं होतं, म्हणून शहाणी माणसं पिल्लू आणत नसत.

राजकन्या चारुमती शहाणी होती. पण डोंगरापलीकडच्या एका मेंढपाळाने राजाला नजराणा म्हणून एक पिल्लू दिलं. त्या बिचाऱ्याला शापाची काय कल्पना! ओंजळीत मावेल एवढं, खारकेच्या रंगाचं. पिल्लाने राजकन्येचा अंगठा चाटला आणि तिथेच झोपी गेलं. दरबारी म्हणाले, "राजकन्ये, परत पाठवा." चारुमतीने पिल्लू पदरात घेतलं. एकदा पदरात घेतलेलं परत कसं पाठवायचं? तिने त्याचं नाव खारीक ठेवलं.

दुसऱ्या पहाटे सात हातांवर पाऊल उमटलं. पाऊल पाच हातांवर आलं, त्या दिवशी खारकेने दुधाला तोंड लावलं नाही.

राजवैद्य आले. कुत्र्याला शिवू नये म्हणून उंबऱ्यातच थांबले, पापणी लवायच्या आत म्हणाले, "पित्त." चाटण ठेवून गेले. मग मांत्रिक कालकेतू आला. त्याने लांबूनच मोहरी फेकली आणि म्हणाला, "दृष्ट." मग राजाचा अश्ववैद्य आला. तो म्हणाला, "घोड्याला जे, तेच हिला. मात्रा चिमूटभर." दिवस मावळेपर्यंत खारकेचं पोट ताठ झालं आणि मान उचलेना. तिघांनी तीन रोग सांगितले, आणि पिल्लाला हात एकानेही लावला नाही.

पाऊल चार हातांवर आलं, त्या सकाळी खिडकीत एक भारद्वाज बसला होता.

"राजकन्ये, तिघेही खोटं बोलले."

"का बोलले?"

"तुमच्या राज्यात दुसरं काय बोलता येतं? दरबारातली शिळा वाच. राजघराण्याच्या प्रश्नाला 'ठाऊक नाही' असं उत्तर देईल, त्याची जीभ छाटावी. तुझ्या पणजोबांचा हुकूम."

चारुमतीला आठवेना, 'ठाऊक नाही' हे शब्द आपण कधी कानांनी ऐकले का. आणि खरंच, हुकूम राजघराण्यापुरता असला तरी खोड साऱ्या प्रजेला लागली होती. वाट विचारली तर माणूस छातीठोकपणे भलत्याच गावाची वाट दाखवी. आचाऱ्याला विचारलं, आमटीत मीठ घातलं का, तर तो "घातलं" म्हणे आणि मग धावत जाऊन घाली.

"रानात कोंडाई राहते," भारद्वाज म्हणाला. "जनावरांची वैद्य. ती आधी बघते आणि मग बोलते. जा."

चारुमतीने परडी कडेवर घेतली आणि निघाली. वाटेत तिने तिघांना कोंडाईचं घर विचारलं. तिघांनी तीन दिशा दाखवल्या, तिघेही ठामपणे. तिन्ही दिशा पायाखाली घालण्यात अख्खा दिवस गेला. "मला विचारायचं सोडून!" भारद्वाज चिडून म्हणाला आणि पुढे उडत वाट दाखवू लागला. मुक्काम पडला तेव्हा राजकन्या परडीला पाठ लावून, आडवी होऊन झोपली. पाऊल आलंच तर आधी माझ्यावरून जाईल, असं तिने ठरवलं होतं. पहाटे उठून पाहते तर पाऊल तीन हातांवर, तिच्याच पसरलेल्या पदराच्या टोकावर उमटलेलं. राख अजून कोमट होती. तरी चारुमतीने परडी हातातून सोडली नाही.

कोंडाईच्या अंगणात मोडक्या पायाला कामट्या बांधलेला बगळा होता आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेला वाघ होता. दोघे शेजारी बसून ऊन खात होते. म्हातारीने परडी आत घेतली. कोनाड्यात तीन पणत्या जळत होत्या.

"पोरी, तीन प्रश्न विचारीन," कोंडाई म्हणाली. "खोटं बोललीस की एक पणती विझेल. तिन्ही विझल्या की माझे डोळे जातील, मग पिल्लू बघणार कोण? सांग, हिने काय काय खाल्लं?"

"फक्त दूध, आजी."

पहिली पणती विझली.

"ओकली किती वेळा?"

"एकदाही नाही." खरं तर रात्री चारुमती महालात झोपली असताना परडीपाशी दासी बसत असत. दासींना तिने विचारलंच नव्हतं.

दुसरी पणती विझली. झोपडी अंधारली. परडीतून येणारा श्वास तेवढा ऐकू येत होता, तोही अडखळत.

"हिला दुखतं कुठे?"

'पोटात' हा शब्द चारुमतीच्या ओठांवर तयार होता. तिला शिळा आठवली, छाटलेल्या जिभा आठवल्या. एकच ज्योत उरली होती. तिने डोळे मिटले.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "मला यातलं काहीच ठाऊक नाही, आजी."

ज्योत स्थिर राहिली. विझलेल्या दोन्ही पणत्या आपोआप पेटल्या.

"मलाही नाही," कोंडाई म्हणाली. "आता बघू."

तिने हात धुतले, चुलीवर शेकून उबदार केले. खारकेच्या हिरड्या पाहिल्या, तोंडाचा वास घेतला. पोट बोटांनी हळूहळू चाचपलं. मग जबडा उघडून तिने जीभ वर उचलली. जिभेखाली एक बारीक जरीचा धागा गुंडाळला होता आणि त्याचं दुसरं टोक घशात उतरलं होतं.

चारुमतीने आपल्या पदराकडे पाहिलं. काठाचा कोपरा कुरतडलेला होता. "माझाच पदर!" ती किंचाळली आणि धागा ओढायला धावली. कोंडाईने तिच्या हातावर फटका मारला.

"ओढशील तर आतडं चिरेल." तिने धागा जिभेखाली अलगद कापला आणि कोमट तुपाचे चार थेंब घशात सोडले.

"जगेल ना, आजी?"

"ठाऊक नाही. धागा खाली उतरला तर जगेल. अडकला तर माझ्याही हातात काही नाही."

चारुमती रडू लागली. पण इतक्या दिवसांत कोणाच्या बोलण्यावर विश्वास बसावा, असं हे पहिल्यांदाच होत होतं.

"आणि ते पाऊल?" तिने विचारलं.

"तुझ्या पणजोबांचा कुत्रा, शार्दूल. तो आजारी पडला तेव्हा माझी गुरुमाय म्हणाली, ठाऊक नाही, तीन दिवस बघू द्या. राजाने तिची जीभ छाटली. दुसऱ्याने झटपट उत्तर दिलं, झटपट औषध दिलं. शार्दूल तडफडून मेला. तो वाईट नाही गं. या राज्यात पिल्लांचं कोणी नीट बघत नाही, म्हणून तो त्यांना न्यायला येतो. त्यावर माझ्याकडे औषध नाही. राजाच्या तोंडून शब्द यायला हवा. चल."

दोघी दरबारात पोहोचल्या तेव्हा पाऊल एका हातावर होतं. राजा प्रतापधर सिंहासनावरून उठून खाली आला.

"बाई, पिल्लू जगेल का?"

"ठाऊक नाही, महाराज."

शिळेपाशी उभा असलेला जल्लाद सुरा घेऊन पुढे आला. आणि पहाटेची वाट न बघता जमिनीवरून राख उठली. परडीच्या काठावर एक नख उमटलं, मग दुसरं. खारकेचा श्वास लांबत गेला.

चारुमती कोंडाईच्या पुढे उभी राहिली. "बाबा, मग तुम्ही सांगा. जगेल का ती?"

राजाने तोंड उघडलं. 'जगेल' म्हणायचं, राजाला सगळं ठाऊक असतं. पण आठ वर्षांचा असताना त्यानेही लपवून एक पिल्लू पाळलं होतं, आणि वैद्य त्याला म्हणाले होते, जगेल. राजा गुडघ्यांवर बसला. काठावर तिसरं नख उमटलं.

"मला ठाऊक नाही, पोरी," तो म्हणाला. "आणि मला फार भीती वाटते आहे."

शिळा मधोमध तडकली. चौथं नख उमटलंच नाही. परडीशेजारी राख पसरली, जणू एखादं मोठं जनावर थकून तिथे आडवं झालं. खारकेने मान उचलली, त्या राखेचा वास घेतला, शेपूट एकदा हलवली. मग वारा आला आणि राख घेऊन गेला.

शाप गेला, पण धागा आतच होता. म्हणून कोणी नगारे वाजवले नाहीत. कोंडाई परडीपाशी बसून राहिली, राजकन्या बसली, आणि कधी नव्हे ते राजाही मांडी घालून बसला. राजवैद्य दारातून डोकावले. कोंडाई म्हणाली, "आत या. हात लावून बघा." राजवैद्यांनी उंबरा ओलांडला आणि हात लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी धागा अख्खा बाहेर पडला. खारीक अर्धी वाटी दूध प्यायली, आणि राजवैद्यांचं उपरणं दातात धरून भुंकली. घोडे बिथरले, एक दासी घाबरून पाण्याच्या हंड्यात पडली, आणि राजा इतका हसला की त्याला ठसका लागला.

शिळेचे तुकडे वेशीबाहेर टाकले. कोंडाईला राजवाड्याच्या पूर्वेला घर बांधून दिलं, बगळा आणि वाघासकट.

चारुमतीची भीती मात्र गेली नाही. खारीक शिंकली तरी तिच्या छातीत धस्स होई. जीव लावला की हे भय घरात यायचंच, त्यावर उतारा नाही. पण आता तसं झालं की ती खारकेला उचलून पूर्वेकडच्या घरी जाई, आणि म्हातारी आधी हात शेकून घेई.

खारकेचे दिवस भरले नाहीत. भरले ते या कहाणीचे.