चौतीस दाते

“हे चौतीस दात्यांचं चक्र कुणाला विचारून बसवलंत, उस्ताद?”

“घाटाला विचारून.”

दस्तगीर उस्तादांनी मानही वर केली नाही. घाटाच्या पायथ्याशी त्यांचं सायकलीचं दुकान. शर्यतीची पोरं तयार करण्यात हयात गेली. माझं टायरचं दुकान भिंतीला भिंत लागून, म्हणून हे सारं डोळ्यांदेखत.

सयाजीची कानशिलं तांबडी झाली. मागच्या चाकाचं दातेरी चक्र जेवढं मोठं, तेवढा चढाला पाय हलका. हे माझ्यासारख्या टायर विकणाऱ्यालाही कळतं. पण सयाजी शर्यतीचा गडी. पंचविसाच्या वर दाते म्हणजे त्याला शिवीच.

“रविवारी घाटाची शर्यत. पहिले दोघं जिल्ह्याच्या संघात. पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. आणि तुम्ही मला भाजीवाल्याची सायकल देताय?”

“गेल्या वर्षी तिसऱ्या वळणावर उतरून ढकलत गेलास, ती कुणाची होती?”

“पाय कमी पडला!” सयाजी ओरडला. “म्हणून तर वर्षभर बैठका मारल्या. ताकद आणलीय मी. हे चक्र नको!”

“मग काढ.”

...

मी आपला मधे चहा पुढे केला. गिऱ्हाईक तापलं की आधी चहा, मग बोलणं, हा आमचा शिरस्ता. कुणी हात लावला नाही.

सयाजीनं मागचं चाक काढून गुडघ्यांत दाबलं, पाना लावला, जोर केला. उस्तादांच्या हातचं आवळणं, हलेना. पुन्हा जोर. मानेच्या शिरा टरारल्या. शेवटी त्यानं कोपऱ्यातली लोखंडी नळी उचलली आणि पान्याच्या दांड्यावर चढवली. दांडा लांब झाला की कसलाही पेच मुकाट्यानं सुटतो. आमच्या बाजारात सगळे तेच करतात.

उस्ताद ताडकन उठले. नळी हिसकली आणि भर रस्त्यात भिरकावली.

“ताकद आणलीस ना वर्षभर? लाव!”

...

नळी घरंगळत गटाराशी थांबली. सयाजी तिच्याकडे बघत राहिला. नजर तिथून चौतीस दात्यांवर आली.

मग त्यानं पाना खाली ठेवला. मोठ्या चक्रासकट चाक स्वतःच सायकलला जोडलं. दात मात्र आवळलेलेच.

“सगळे हसतील मला, उस्ताद.”

“हसू देत. चढावर ज्याला हसायला दम उरेल, त्याला माझ्याकडे धाड.”