लिंबाजीचा हात आणि आप्पांची घागर

खांबेवाडीच्या ग्रामपंचायतीत लिंबाजी नावाचा एक शिपाई होता. भोळा इतका, की ‘जरा बस’ म्हटलं तर जरासाच बसायचा आणि उठायचा. सांगितलं तेवढं करणार, आणि नेमकं नको तिथं करणार!

यंदा गावाला सरकारी नळ मिळाला होता. एकच. लिंबाजीची आई सरूबाई खालच्या आळीत राहायची. ओढ्याचं पाणी वाहून वाहून तिचे गुडघे गेले होते. “लिंबा, नळ आपल्या आळीला येऊ दे रे बाबा,” असं रोज म्हणायची. पण सरपंच रंगराव आप्पांना तो हवा होता स्वतःच्या गोठ्यापुढं.

आप्पा भाषणात म्हणाले, “आता लोकशाही आहे. गावाला विचारल्याशिवाय काडी हलवायची नाही.” लिंबाजीनं ते मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी आप्पांची कडब्याची गंजी पेटली. लिंबाजीनं पाहिलं आणि निघाला की दारोदार!

“आप्पांची गंजी पेटलीय. विझवावी म्हणता का? हात वर करा.”

तेहतीस हात वर झाले. मोजून होईपर्यंत राख झाली.

“गाढवा!” आप्पा ओरडले. “आग दिसल्यावर विचारत कसला बसतोस? पाणी ओतायचं!”

“बरं, आप्पा.”

आठवड्यानं आप्पांच्या लेकीचं लग्न होतं. भटजींनी होम पेटवला. लिंबाजीनं घागर उचलली आणि ओतली. होम विझला, भटजी भिजले, नवरदेव शिंकत सुटला.

आप्पांनी कपाळ बडवून घेतलं. “यापुढं शिंक आली तरी आधी मला विचारायचं! मी म्हटलं म्हणजे गावानं म्हटलं. कळलं?”

“कळलं, आप्पा.”

मग तालुक्याहून साहेब आले. ग्रामसभा भरली. आप्पांनी वही पुढं केली. नळ आप्पांच्या गोठ्यापुढं, सर्वानुमते मंजूर! खाली अंगठेच अंगठे. खांबेवाडीची रीतच तशी, अंगठे आधी घरोघर गोळा व्हायचे, सभा मागनं भरायची.

साहेबांनी लिंबाजीला विचारलं, “हे गावानं ठरवलं?”

“व्हय साहेब.”

“किती माणसं होती ठरवायला?”

“एक. आप्पा.”

साहेबांनी चष्मा काढला. “अरे, मग तुमच्या गावात लोकशाही आहे का नाही?”

लिंबाजी वळला. “आप्पा, आहे म्हणू का नाही म्हणू?”

आता हसू कोण आवरणार! साहेबांनी वही मिटली आणि तिथंच हात वर करायला लावले. गोठ्यापुढं नळ हवा म्हणणारी आप्पांची भावकी, एकवीस. खालच्या आळीला हवा म्हणणारे, तेही एकवीस. राहिला एकटा लिंबाजी. सरूबाईचा जीव टांगणीला लागला.

“मेल्या, कर की हात वर! माझ्या गुडघ्यांची तरी कीव कर!”

“थांब गं आई, आप्पांना विचारलं नाही अजून. आप्पा, हात वर करू का?”

आप्पा संतापानं लालबुंद झाले. साहेबांसाठी भरून ठेवलेल्या घागरीकडं बोट दाखवून ओरडले, “कर! कर की वर! आणि मग ती घागर ओत माझ्या डोक्यावर, म्हणजे झालं!”

लिंबाजीनं हात वर केला. साहेबांनी मोजला आणि लिहून घेतला, खालच्या आळीला बावीस.

मग लिंबाजी “बरं, आप्पा,” म्हणाला आणि त्यानं घागर उचलली.