बाभळीच्या वळणावरची हरकत

“यात आता विचारायचं काय राहिलं, वस्ताद?” सुकुमार म्हणाला. “मी डोळ्यांनी बघितलंय.”

“कुणाच्या?”

“माझ्या. दुसऱ्या कुणाच्या?”

“हं,” इलाही वस्ताद म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले.

माळाच्या कडेला एका लिंबाखाली ते बसले होते, तेही शर्यतीकडं पाठ करून. तोंड कुठं, तर गावाकडं जाणाऱ्या रिकाम्या रस्त्याकडं. गेली चाळीस वर्षं उरुसातल्या घोडागाडी शर्यतीचा शेवटचा शब्द या माणसाचा. पण यंदा त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, की निकाल मगदूमांचा सुकुमार देईल. नीट दिला तर संध्याकाळी पंचाचं निशाण त्याच्या हातात.

सुकुमार सहा वर्षं या दिवसाची वाट बघत होता. वस्तादांच्या मागं मागं हिंडून त्यानं सगळं शिकून घेतलं होतं. नियम तोंडपाठ. आसपासच्या तीन जत्रांत त्यानं दिलेला निकाल कधी कुणी फिरवला नव्हता, आणि ही गोष्ट तो दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवायचाच. माणूस सरळ होता. फक्त आपण सरळ आहोत हे त्याला जरा जास्तच माहीत होतं.

झालं होतं ते असं.

शेवटच्या फेरीला दोन गाड्या उरल्या. दऱ्याप्पा खोताचा कबरा घोडा डावीकडून, शामराव वाघमोड्याची मैना घोडी उजवीकडून. माळाच्या पार टोकाला एकुलती एक बाभूळ आहे, तिला वळसा घालून परत यायचं. बाभळीपर्यंत दोघं चाकाला चाक लावून होते. वळणावर मैना एकदम डावीकडं सरली आणि दऱ्याप्पाची वाट कापली गेली. त्यानं लगाम खेचला, कबरा गुडघ्यावर आला, कसाबसा सावरला. तोवर शामराव पुढं निघून गेला होता. पहिला तोच आला.

दऱ्याप्पानं गाडीत बसल्या बसल्या डोक्याचा फेटा सोडला आणि आपल्या गाडीच्या दांडीला बांधला.

त्या माळावर हरकत अशीच घेतात. फेटा दांडीला गेला की दोन्ही गाडीवानांनी खाली उतरायचं नाही, घोड्यांचा साज सोडायचा नाही, आणि घोड्यांच्या अंगावरचा घाम वाळायच्या आत पंचानं निकाल द्यायचा. माणसांच्या भांडणात जनावराला ताटकळत ठेवू नये, एवढाच त्यातला विचार. घोडं बिचकलं म्हणणाऱ्यानं ते कशाला बिचकलं हेही दाखवायचं. नाही दाखवलं, तर वाट कापणाऱ्याला तीन वर्षं माळ बंद, म्हणजे शर्यतीत पाऊलही टाकायचं नाही.

शामराव सत्तावन्न वर्षांचा होता आणि मैना बारा. तीन वर्षांनी घोडी धावणार नव्हती आणि दुसरी घेऊन तिला तयार करायचं बळ शामरावात उरणार नव्हतं. म्हणजे तीन वर्षं नुसती म्हणायला. त्याचं सगळं आयुष्य याच माळावर गेलं होतं, आणि ते आज संपणार की नाही हे सुकुमारच्या शब्दावर होतं.

“शामराव काय म्हनतोय?” वस्तादांनी विचारलं.

“काय म्हणणार? घोडी बिचकली म्हणतोय. वाट कापणारा प्रत्येकजण हेच म्हणतो.”

“कशाला बिचकली?”

“तेच विचारलं मी, चारचौघांत विचारलं. तर मान खाली घालून बसलाय. काही असतं तर सांगितलं नसतं का?”

वस्तादांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. मग अडकित्त्याच्या टोकानं पायाजवळची माती दाखवली.

“काढून दाव.”

सुकुमारला हसू आलं. चित्र काढायची ही वेळ होती का? पण वस्तादांपुढं नाही म्हणायची सवय नव्हती. त्यानं एक काडी उचलली, खाली बसला आणि दोन रेघा ओढल्या. ही दऱ्याप्पाची गाडी, ही शामरावची. दुसरी रेघ पहिलीच्या अंगावर आली तिथं त्यानं फुली मारली.

“ही इथं वाट कापली.”

“पुरं कर.”

त्यानं बाभूळ काढली.

“पुरं कर.”

त्यानं बघ्यांना अडवायला बांधलेला दोर काढला, दोराच्या खुंट्या काढल्या, पलीकडचा ओढाही काढला.

“पुरं कर की रं.”

“वस्ताद, तिकडं घोडी वाळायला लागलीत!”

“मग बिगी बिगी काढ.”

“सगळं काढलंय!” सुकुमारचा आवाज चढला. “आता काय, आभाळ काढू?”

वस्ताद हसले. पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळं त्यांचं हसणं कुणाला लागायचं नाही. पण सुकुमारला आज लागलं.

“तू लई लांबनं बघितलंस वाटतं,” वस्ताद म्हणाले.

झालं. हे वाक्य त्याच्या वर्मी बसलं.

“लांबून? मी मोटरसायकलवर मैनेच्या बरोबरीनं होतो! नीट दिसावं म्हणून वळणावर मुद्दाम जवळ घेतली. इतका जवळ होतो वस्ताद, की घोडीचा कान मागं फिरलेला सुद्धा मला दिसला. या माळावर इतक्या जवळून आजवर कुठल्या पंचानं बघितलं असेल?”

“कंचा कान?”

“अं?”

“घोडीला दोन असत्यात.”

“उजवा.”

“कवा फिरला? वाट कापल्यावर?”

“नाही, आधी. आधी कान फिरला, मग ती डावीकडं…”

सुकुमारनं मातीतल्या फुलीकडं बघितलं.

वस्तादांनी सुपारी या गालातून त्या गालात घेतली.

“उजव्या अंगाला काय हुतं?”

“काही नाही. मोकळा माळ.”

“मोकळ्या माळाला घोडी कान देत न्हाई, बाबा.”

…

लांबून गर्दीचा कालवा ऐकू येत होता. कुणीतरी शिट्ट्या मारत होतं. निकाल हवा होता लोकांना.

“पुरं कर,” वस्ताद म्हणाले. या वेळी अगदी हळू.

सुकुमारनं काडी मातीवर टेकवली, शामरावच्या रेघेच्या उजव्या बाजूला. हात पुढं जाईना. काडी तिथंच खोचून तो उठला आणि बाभळीकडं चालायला लागला. मोटरसायकल लिंबाखालीच राहिली.

चालताना तो मनातल्या मनात मागत होता, की तिथं काहीही सापडू नये. किंवा दुसरं काहीतरी सापडावं. एखादं फडकं, कुत्र्याची पावलं, दगड, काहीही.

वळणावर चिटपाखरू नव्हतं. सगळी माणसं शर्यत संपते तिथं, मोबाईलही तिथंच. इथं फक्त माती होती, आणि मातीत जे झालं ते जसंच्या तसं. दऱ्याप्पाच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या. शामरावच्या दोन. आणि उजवीकडून येणारी टायरची एकच नागमोडी खूण. ती आधी बरीच लांब होती. मग जवळ आली, आणखी जवळ आली, शामरावच्या चाकापासून हातभर अंतरावर आली. आणि ती जिथं सगळ्यात जवळ आली होती, नेमकी तिथूनच मैनेची गाडी डावीकडं वळली होती.

कुत्रं नाही. फडकं नाही. दगड नाही.

पायानं दोनदा घासलं असतं तर ती खूण पुसून गेली असती. बघायला कोण होतं? सुकुमारनं पाय उचललाही. मग त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यानं तो तसाच मागं घेतला. सहा वर्षं घोकलेल्या नियमांत पंचाचं काय करायचं याचा एकही नियम त्याला आठवेना. तसा नियम नव्हताच.

तो परत आला तेव्हा गर्दीनं वाट दिली. तो आधी शामरावच्या गाडीपाशी गेला. मैनेच्या पाठीवरचा घाम कडेनं वाळून पांढरा पडत चालला होता, मानेखाली मात्र अजून ओल होती. शामराव लगाम धरून तसाच बसला होता.

“शामरावदादा,” सुकुमार हळूच म्हणाला, “घोडी माझ्या मोटरसायकलला बिचकली?”

शामरावनं लगामाकडं बघतच मान डोलावली.

“सांगितलं का नाहीत? मी विचारलं तेव्हा?”

“कसं सांगू?” शामराव म्हणाला. “गाडीवानावर हरकत घ्यायची तर दांडीला फेटा बांधत्यात. पंचावर घ्यायची तर कुठं बांधायचा?”

चाळीस शब्दांचा निकाल तो मघापासून मनात जुळवून बसला होता. त्यातला एकही आता कामाचा नव्हता.

मग तो माळाच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

“हरकत खरी आहे!” तो ओरडून म्हणाला. “दऱ्याप्पाची वाट कापली गेली!”

दऱ्याप्पाच्या बाजूची माणसं नाचायला लागली. शामरावनं लगाम सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवले. एवढंच.

“थांबा! निकाल संपला नाही.” सुकुमारनं बाभळीकडं हात केला. “घोडी बिचकली, आणि ज्याला बिचकली ते मी दाखवतो. बाभळीच्या वळणावर जाऊन बघा. मैनेच्या चाकाला लागून टायरची खूण आहे. ती माझ्या मोटरसायकलची आहे. वाट मी कापली.”

माळ गप्प झाला. असा गप्प झालेला त्या माळानं… पण जाऊ द्या, मोठमोठं बोलून काय करायचं. दोन-तीनशे माणसं होती आणि एकालाही काय बोलावं ते सुचलं नाही, हे खरं.

सुकुमार दऱ्याप्पाच्या गाडीपाशी गेला. दांडीला बांधलेला फेटा सोडायला लागला.

“आरं, काय करतोस?” दऱ्याप्पा गुरगुरला. त्याचा घोडा गुडघ्यात खरचटला होता आणि राग कुणावर काढावा हे त्याला आता कळत नव्हतं. “हरकत माझी हाय.”

“तुमचीच आहे, दऱ्याप्पाअण्णा. चुकीच्या दांडीला आहे.”

फेटा घेऊन तो लिंबापर्यंत चालत गेला. सगळ्यांच्या देखत त्यानं तो आपल्या मोटरसायकलच्या हँडलला बांधला. गाठ पहिल्यांदा सुटली, परत बांधली.

“ही फेरी रद्द. कबऱ्याचा गुडघा बरा झाला की दोघांनी नव्यानं धावायचं,” तो म्हणाला. “आणि वाट कापणाऱ्याला तीन वर्षं माळ बंद. आजपासून.”

दऱ्याप्पानं थोडा वेळ त्याच्याकडं रोखून बघितलं. मग गाडीतून खाली उतरला आणि पहिल्यांदा शामरावच्याच गाडीकडं गेला, मैनेचा साज सोडू लागायला. शामराव रडत होता, आणि ते लपवायची त्याला काही गरज वाटत नव्हती.

गर्दी पांगली. कुणी सुकुमारला शिव्या घालत गेलं, कुणी नुसतंच मान हलवत.

तो वस्तादांच्या शेजारी येऊन बसला. मातीतलं चित्र तसंच होतं, काडी खोचलेली. त्यानं ती उपटली आणि तिसरी रेघ पुरी केली.

“तीन वर्षं, वस्ताद,” तो म्हणाला.

“व्हय. ऐकलं.”

“निशाण तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

वस्तादांनी सुपारीचा चोथा थुंकला.

“एक विचारू?” सुकुमार म्हणाला. “तुम्ही तर वळणाकडं पाठ करून बसला होता. तुम्हाला काहीच दिसलं नव्हतं. मी सांगायच्या आधीच तुम्ही ‘पुरं कर’ म्हणालात. तुम्हाला कसं कळलं?”

इलाही वस्तादांनी अडकित्ता मिटून खिशात ठेवला. मग गावाकडच्या त्या रिकाम्या रस्त्याकडं मान केली.

“तू लवकर सुटलास, पोरा,” ते म्हणाले. “एका निकालात मीबी सवताला सोडून सगळं काढलं हुतं, आन् त्यो गाडीवान ह्याच रस्त्यानं निघून गेला. मला नुसतं तोंड उघडायला सात वर्सं लागली हुती.”