न थांबणारी नदी

“तुम्हीच सांगा तातू, नदी कधी थांबते का?”

तातू चिंचोक्याची खळ लावलेल्या कापडाच्या गोल चकत्या अंगणात वाळत घालत होते. एक चकती कडेनं वळली होती, ती त्यांनी अंगठ्यानं दाबून सरळ केली.

“नाही ना थांबत? मग माझ्या खेळातली का थांबावी?”

पुंडलिक चितारी, म्हणजे सगळ्यांचे तातू, सावंतवाडीत गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे जुने गोल पत्ते. दशावतारी संचात एकशे वीस पानं असतात, आणि तातू ती सगळी एकट्याच्या हातानं करतात. प्रणित सातार्डेकर हा त्यांचा शिष्य. शाळा-कॉलेजची सात वर्षं त्यानं तातूंच्या ओटीवर बसून ब्रश धरायला शिकण्यात घालवली, आणि मग तो पुण्याला जाऊन व्हिडिओ गेम करायला लागला. पुण्यानं त्याला दोन गोष्टी दिल्या: आठ जणांचा एक स्टुडिओ, आणि तातूंशीसुद्धा पुस्तकी मराठीत बोलायची सवय. पहिलीचं तातूंना कौतुक होतं. दुसरी त्यांनी पोटात घातली होती.

“बस हय,” तातू म्हणाले. “उन्हात उभो रवान कित्याक भांडतंस? काय झाला ता नीट सांग.”

प्रणित ओटीवर बसला आणि सांगू लागला.

टीव्हीला जोडून खेळ खेळायचा जो डबा असतो, कन्सोल म्हणतात तो, तो बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीनं त्याचा खेळ प्रकाशित करायचं ठरवलं होतं. होडी आणि नदी, एवढाच खेळ. होडीत मुंडावळ्या बांधलेला नवरदेव बसलेला, आणि मुहूर्ताच्या आत त्याला पैलतीरी पोचवायचं. कंपनीनं लिहून दिलं होतं, गोष्ट तुमची, चित्रं तुमची, शेवट तुमचा. होडीवाला मालवणीत शिव्या घालतो, त्यालासुद्धा त्यांनी हरकत घेतली नाही. प्रणित वर्षभर जमिनीपासून चार बोटं वरून चालत होता.

आणि आता शेवटच्या तपासणीत कंपनीच्या बाईनं एकच गोष्ट मागितली होती. खेळणाऱ्यानं बटण दाबलं की खेळ थांबला पाहिजे. हातातल्या कंट्रोलरची बॅटरी संपली, तर त्यानं आपला आपण थांबलं पाहिजे. आमच्या डब्यावर चालणाऱ्या प्रत्येक खेळाला हा नियम आहे, बाकी तुमचं तुम्ही बघा, असं तिनं कळवलं होतं.

“माझा खेळ थांबत नाही,” प्रणित म्हणाला. “सव्वा तास. सुरू केला की पैलतीर नाहीतर तळ. हाच तर त्यातला प्राण आहे. तो काढून घ्यायचा आणि वर म्हणायचं, तुम्हाला स्वातंत्र्य आहे!”

“मगे?”

“आज संध्याकाळी सहापर्यंत उत्तर द्यायचंय. नियम मान्य नसेल तर ते खेळ परत देतील. भांडण नाही, राग नाही, नुसता परत.”

“आणि तुझी माणसां?”

आठ माणसांची चार वर्षं त्या नदीत होती. खेळाची सगळी यंत्रणा लिहिणारी शलाका त्याला म्हणाली होती, अरे, थांबवायचं बटण म्हणजे दोन दिवसांचं काम आहे. त्यावर तो तिच्याशी आठवडाभर बोलला नव्हता. शेवटी तीच कंटाळून म्हणाली, तुझ्या गुरूकडे जा आणि ते सांगतील ते कर, म्हणजे आम्ही सुटलो.

“नकाराचं पत्र लिहून ठेवलंय,” प्रणितनं मोबाइल दाखवला. “फक्त पाठवायचंय.”

“उत्तर खिशात घालून इलंस. मग माझ्याकडे कित्याक?”

“आशीर्वाद घ्यायला. तुम्हीच शिकवलंत ना वाकायचं नाही म्हणून. त्या हॉटेलवाल्यानं मत्स्याच्या पानावरच्या राजाच्या छातीवर हॉटेलची खूण काढायला सांगितली, तेव्हा तुम्ही त्याला चहासुद्धा न देता घालवलंत.”

“चाय दिललंय,” तातू म्हणाले. “खूण नाय दिलंय.”

मग हात पुसून ते उठले.

“आशीर्वाद देतंय. पण आधी तुझी न्हंय दाखव.”

नदी दाखवायला प्रणितनं पुण्याहून डबा बरोबर आणलाच होता. घरातल्या टीव्हीला त्यानं तो जोडला. आतून माईंनी, म्हणजे तातूंच्या बायकोनं, बजावलं की चार वाजता त्यांची मालिका असते, तोवर काय पोरखेळ करायचा तो करून घ्या.

तातूंनी चष्मा पुसला आणि कंट्रोलर हातात घेतला. शहात्तरीचा माणूस, पण केसाएवढ्या ब्रशनं माशाचे खवले काढणारे हात ते, त्यांना काय जड जाणार? दोनदा होडी काठावर आपटली. तिसऱ्यांदा ती नीट धारेला लागली.

प्रणित बाजूला बसून बघत होता. खरं सांगायचं तर तो टीव्हीकडे कमी आणि तातूंच्या तोंडाकडे जास्त बघत होता. सात वर्षांत ह्या माणसानं त्याला जेमतेम तीनदा ‘बरा’ म्हटलं होतं. आणि आज हाच माणूस ओठ घट्ट मिटून, मान पुढे काढून, त्याच्या नदीत उतरला होता. होडीवाल्यानं भोवऱ्याला शिवी हासडली तेव्हा तर तातू मोठ्यानं हसले. प्रणितला अगदी भरून आलं.

सव्वा तास होत आला. खोल पाण्याची कोंड गेली, खडकाळ उतार गेला, शेवटचं वळण आलं. स्टुडिओतल्या कुणालाही ते पहिल्या फेरीत जमलं नव्हतं. तातूंनी होडी तिरकी घेतली. पैलतीरावरचा मांडव दिसायला लागला, सनईही ऐकू यायला लागली...

“अवो,” आतून माईंचा आवाज आला.

तातूंची नजर हलली नाही.

“अवो, आयकलात? माका उठाक होईना. जरा हात देवा.”

तातूंनी कंट्रोलर खाली जमिनीवर ठेवला आणि ते उठून आत गेले. घाई नाही, धांदल नाही. हातातलं पान बाजूला ठेवून जेवायला उठतात तसे उठले.

“तातू, वळण...” प्रणित म्हणाला.

पण तातू आत पोचले होते.

होडी आडवी झाली. प्रणितचा हात कंट्रोलरकडे गेला आणि अर्ध्यावरच राहिला. नदी कुणासाठी थांबत नाही, हे त्याचंच म्हणणं होतं. होडी खडकावर आदळली. नवरदेव मुंडावळ्यांसकट पाण्यात गेला. सनई थोडा वेळ वाजत राहिली.

आतून माईंच्या कण्हण्याचा आणि मग हसण्याचा आवाज आला. गुडघा धरला होता म्हणे, नारळ खोवायला बसल्या होत्या.

दहा मिनिटांनी तातू चहाचे दोन पेले घेऊन बाहेर आले.

“बुडालो?”

“बुडाला. तुम्ही अगदी शेवटी पोचला होतात, तातू. अजून अर्धं मिनिट.”

“होय काय.”

तातू चहा प्यायला बसले. त्यांच्या चेहऱ्यावर ना हळहळ, ना खंत. प्रणितनं मात्र आपला पेला तसाच ठेवला.

“पुन्हा खेळणार?”

“नाय.”

तो शब्द प्रणितला फार लागला. पुण्यात बसून लोकांनी ठेवलेली नावं त्यानं हसण्यावारी नेली असती, पण हे तातू होते.

“आवडला नाही?”

“खूप आवडलो.”

“मग?”

“म्हणान नाय. परत इतकोच आवडलो,” तातू म्हणाले, “आणि परत तिने हाक मारल्यान, तर?”

प्रणित जरा चिडला. उत्तर सुचलं नाही की तो चिडतो, ही त्याची जुनी खोड.

“म्हणजे कंपनीचं बरोबर. आज त्यांनी बटण मागितलं म्हणून दिलं, उद्या त्यांची खूण होडीवर काढा म्हणतील. मग तुम्ही हॉटेलवाल्याला नकार का दिलात?”

तातूंनी पेला खाली ठेवला. कोनाड्यातल्या डबीतून दोन पानं काढली आणि प्रणितच्या समोर मांडली, एक उताणं आणि एक पालथं.

उताण्या पानावर मत्स्यावताराचा राजा होता. त्याच्या मिशा एका बाजूला जरा जास्त वळलेल्या होत्या. तातू राजे असेच काढतात, आणि का असं कुणी विचारलेलं त्यांना खपत नाही.

“ह्या कोणाचा?”

“तुमचं.”

तातूंनी पालथ्या पानावर बोट ठेवलं. नुसता लाखेचा लाल रंग होता, वर एक ठिपकाही नाही.

“आणि ह्या?”

“हेही तुमचंच. तुम्हीच रंगवलंय.”

“नाय,” तातू म्हणाले. “ह्या खेळणाऱ्याचा.”

प्रणितनं ते लाल पान उचललं आणि त्याला एक जुनं पान आठवलं.

तो पंधरा वर्षांचा असताना त्यानं एका राजाच्या पानाच्या ह्याच लाल बाजूवर खंड्या पक्षी काढला होता. निळा, चोच उघडलेला, इवलासा. कुणी सांगितलं नव्हतं, आपल्या मनानं. तातूंनी तो बघून ‘बरा’ म्हटलं होतं; त्या तीन ‘बरा’पैकी एक तो. मग त्याच संचाची पानं वाटून ते खेळायला बसले. पान हातात धरलं की समोरच्याला त्याची लाल बाजू दिसते. त्यामुळे खंड्या ज्याच्या हातात जाई, त्याच्याकडे राजा आहे हे ओटीवरच्या सगळ्यांना कळे. तीन डावांत खेळाचा विचका झाला. एवढं देखणं पान, पण ते आपल्याला येऊ नये म्हणून सगळे देव पाण्यात घालून बसले होते. तातू तेव्हाही काही बोलले नव्हते. पोरानं दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन आपल्या हातानं त्या खंड्यावर लाल रंग फिरवला होता, आणि घरी जाऊन रडलाही होता.

ते तो साफ विसरला होता. की विसरायचं ठरवलं होतं, कोण जाणे.

आत माई नारळ खोवत होत्या, तो आवाज तेवढा येत होता.

प्रणितनं मोबाइल काढला. नकाराचं पत्र त्यानं एकदा वाचलं. चांगलं लिहिलं होतं त्यानं, दोन वाक्यं तर छापून ठेवावीत अशी होती. मग त्यानं ते पुसून टाकलं आणि शलाकाला लिहिलं, ‘बटण कर. माझं चुकलं.’

उत्तर लगेच आलं. ‘मागच्या सोमवारीच करून ठेवलंय. तुझं डोकं शांत व्हायची वाट बघत होते सगळे.’

प्रणित ते वाचून आधी लाल झाला आणि मग हसायलाच लागला. सात माणसं आठवडाभर आपली समजूत पटायची वाट बघत बसली होती, आणि आपण स्वातंत्र्याची लढाई लढत होतो! त्यानं तो निरोप तातूंना वाचून दाखवला. तातूंनी मान डोलावली आणि त्या पोरीला एकदा घेऊन ये म्हणाले.

होकार पाठवून झाला. सहाला अजून अडीच तास होते. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं प्रणितनं गार झालेला चहा एका घोटात संपवला. आता घरी जाऊन आईच्या हातचं जेवावं आणि ताणून द्यावी, असं त्याला वाटलं.

डबा पिशवीत भरता भरता तो थबकला.

कंपनीनं थांबायला सांगितलं होतं. थांबल्यावर पडद्यावर काय दिसावं, हे कुणीच सांगितलं नव्हतं. बाकीचे खेळ थांबतात तेव्हा पडदा काळवंडतो आणि वर दोन शब्द येतात, झालं. पण ती जागा कुणाची होती? कुणाचीच नव्हती. म्हणजे त्याची होती.

तो ओटीवरून अंगणात आला. तातू पुन्हा चकत्यांकडे वळले होते. पोटातून उसळी आली की माणूस कुठल्या भाषेत बोलतो ह्याचा नेम नसतो. प्रणितचं पुणं त्या क्षणी कुठल्या कुठे गेलं.

“तातू, न्हंय थांबली... तर होडीवालो काय करतलो?”

तातूंनी वाळलेली एक चकती उचलली आणि तिच्यावरची धूळ फुंकरीनं उडवली.

“तेकाच विचार. चार वर्सां तो वल्ही मारता. तू तेका कधी बसाक दिलंस?”