कुर्लीबाईंची साफसफाई

फार पूर्वी, माणसं नुकतीच समुद्राची तब्येत बघायला लागली होती तेव्हाची गोष्ट. दर महिन्याला होडीतून दोरीला बांधलेली एक पांढरी थाळी पोवळ्यांच्या वस्तीवर सोडत. थाळी जितकी खोलवर दिसेल, तितकं पाणी नितळ.

थाळी येणार म्हटलं की कुर्लीबाईंची नुसती धांदल! "पाहुणे आले, हला रे!" म्हणत अशा नांग्या नाचवायच्या, की हजार मासे शेपट्यांनी गढूळ पाणी पार पलीकडे हाकलायचे. वरून आवाज यायचा, "वा, काय पाणी आहे!" मग कुर्लीबाई आनंदाने गिरक्या घ्यायच्या.

होडी गेली की गाळ परत पोवळ्यांवर.

एकदा पांढरीफटक पडलेली पोवळेकाकू धापा टाकत म्हणाली, "कुर्ले, वैद्य दारात येतो आणि तू माझं दुखणं लपवतेस, होय गं?"

कुर्लीबाईंच्या नांग्या खाली आल्या. पुढच्या खेपेला त्यांनी एकालाही शेपटी हलवू दिली नाही. थाळी हातभर बुडाली आणि दिसेनाशी झाली. "अरे, एवढा गाळ येतोय कुठून?" वर एकच गलका झाला. होडी तडक खाडीकडे वळली. तिथे डोंगर फोडून माती पाण्यात लोटत होते. होडीतल्या माणसांनी ते बंद पाडलं.

काही महिन्यांनी थाळी थेट तळापर्यंत दिसली. आणि तिच्यावर चढून नाचणाऱ्या कुर्लीबाईसुद्धा!