बाशिंग सांभाळून ढकला

कुमुदिनीबाई टाकसाळ्यांची कोरी करकरीत गाडी रोज भर चौकात बंद पडायची. शोरूमच्या मेकॅनिकांनी ती पुन्हा पुन्हा उघडून पाहिली आणि शेवटी हात टेकले. बाईंनी गाडी बदलून मागितली, तेव्हा शोरूमचे मालक दादासाहेब खर्डेकर मिशीत हसून म्हणाले, "गाडी एक नंबर आहे हो ताई. बायकांना क्लच जमत नाही, त्याला आम्ही काय करणार?"

बाई तीच गाडी घेऊन घरी आल्या.

पुढच्याच आठवड्यात दादासाहेबांच्या मुलाचं लग्न होतं आणि सगळ्या गिऱ्हाइकांना पत्रिका गेल्या होत्या. नवरदेव कार्यालयाकडे निघणार, इतक्यात झेंडूच्या माळा ल्यालेली बाईंची गाडी बंगल्याच्या फाटकात येऊन थांबली. चालवायला बाईंनी मुद्दाम शोरूमचाच हेड मेकॅनिक बसवला होता.

"दादासाहेब, नवरदेवाला माझ्या गाडीतून न्या. माझा आहेर समजा."

"वेड लागलंय का?" दादासाहेब सगळ्या पाहुण्यांदेखत ओरडले. "चौकात बंद पडली तर मुहूर्त टळेल!"

"बंद कशी पडेल? आज क्लचवर पाय तुमच्या मेकॅनिकचा आहे. त्याची काय बाई झाली?"

नवरदेवाला न्यायला आलेले व्याहीच आधी खो खो हसले. दादासाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"बदलून देतो, उद्याच देतो! पण आधी ही फाटकातून काढा!"

"कशी काढू? मघाशीच बंद पडलीय," बाई म्हणाल्या. "नवरदेवाला म्हणावं, बाशिंग सांभाळून मागून ढकल."