गुलाबी फुग्याची साक्ष

आबासाहेबांनी जुनी मोटार विकायला काढली, तीही फुगे लावून सजवून. घेणार होते शेवाळेगुरुजी. आजारी बायकोला घाट उतरून एकदा समुद्र दाखवायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं. पारख करायला ते गॅरेजवाल्या जैनबबींना घेऊन आले.

सकाळच्या धुक्यात गाडी झोपल्यासारखी उभी होती. जैनबबींनी रेडिएटरचं झाकण काढून आत पाहिलं.

"पाणी उतरलंय. हवा नि पाणी वेगळं ठेवणारं हेडचं गॅसकेट गेलं असणार. इंजिनातली हवा पाण्यात शिरते."

"खाली एक थेंब दाखवा," आबासाहेब गुरगुरले. "माझं इंजिन घट्ट बंद आहे. पान्याला हात लावायचा नाही."

जैनबबींनी त्यांच्याच सजावटीतला गुलाबी फुगा सोडवला, हवा काढून रेडिएटरच्या तोंडावर चढवला आणि इंजिन सुरू करायला लावलं. फुगा हळूच जागा झाला आणि धुक्यात चंद्र उगवावा तसा फुगत गेला.

"वाफ आहे ती."

"हात लावून बघा, इंजिन अजून गार आहे."

आबासाहेबांनी हात लावला. जैनबबींनी दुसरा फुगा रिकामा करून त्यांच्यापुढे धरला.

"आता तुमच्या इंजिनासारखेच ओठ घट्ट बंद ठेवून हा फुगवा. जमलं, तर गुरुजी आत्ता गाडी घेतील."

आबासाहेबांचे ओठ मिटले, ते गुरुजी गाडी न घेता फाटकाबाहेर पडेपर्यंत उघडले नाहीत.